टेड लिंडसे : एका धंदेवाईक हॉकीपटूची हकीकत

हॉकी म्हटले की आपल्यापुढे हिरवे मैदान, वाकडी काठी आणि ध्यानचंदांचे नाव उभे राहते. कॅनडात मात्र नुसते 'हॉकी' म्हटले तर यातले काहीच कुणाच्या मनात येणार नाही. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या खेळाला ते लोक 'मैदानी हॉकी' असे मुद्दाम विशेषण लावून ओळखतात. ज्या देशात वर्षातले चार-पाच महिने तळी गोठलेली असतात, तिथे हे साहजिकच आहे म्हणा. आपल्याकडेही लडाखात हिवाळ्यात हा खेळ खेळला जातो. पण बाकीच्यांची त्याच्याशी ओळख बेताचीच. म्हणून आधी खेळाबद्दल चार शब्द सांगतो आणि मग ज्या माणसाची हकीकत सांगायची आहे त्याच्याकडे वळतो.

सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, त्याच्याभोवती लाकडी फळ्यांचे कुंपण. दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब काठी. चेंडूऐवजी टणक रबराची एक चकती असते, तिला 'पक' म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. धावणारा माणूस जितका वेगाने धावेल त्याच्या दुपटीने हे लोक बर्फावरून घसरत जातात, आणि एकमेकांना खांद्याने धडक देऊन फळीवर आदळणे हे या खेळात नियमाला धरूनच आहे. नियमाबाहेर काही केले तर दोन मिनिटे, मारामारी केली तर पाच मिनिटे बाजूच्या कोठडीत बसायचे, आणि पुन्हा खेळायला यायचे. मी ज्या काळाबद्दल बोलणार आहे त्या काळात डोक्यावर शिरस्त्राण नसे. गोलरक्षकसुद्धा उघड्या तोंडाने त्या चकतीपुढे उभा राहत असे. कायमचा मुखवटा वापरणारा पहिला गोलरक्षक या लीगमध्ये १९५९ च्या नोव्हेंबरात दिसला, आणि तोही नाकावर चकती बसल्यानंतर!

या खेळाची सर्वांत मोठी धंदेवाईक संस्था म्हणजे नॅशनल हॉकी लीग. ती १९१७ साली माँट्रिअल शहरी स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तिच्यात फक्त सहा क्लब होते. माँट्रिअल आणि टोराँटो हे कॅनडातले दोन. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि डेट्रॉइट हे अमेरिकेतले चार. प्रत्येक क्लबात सतरा-अठरा खेळाडू. म्हणजे सारा कॅनडा ज्या खेळासाठी वेडा होता, त्यातल्या अगदी वरच्या जागा साऱ्या मिळून शंभर-सव्वाशे. हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली त्यात आहे.

टेड लिंडसेचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी ऑंटारिओ प्रांतातल्या रेन्फ्र्यू या गावी झाला. नऊ भावंडांतला हा धाकटा. बाप बर्ट लिंडसे हा स्वतः एके काळचा नामांकित गोलरक्षक. पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतला. पण त्या पिढीला खेळातून आयुष्याची बेगमी करता आली नव्हती. टेडचे बालपण उत्तरेकडच्या कर्कलंड लेक या गावी गेले. हे सोन्याच्या खाणींचे गाव. १९४१ च्या नोव्हेंबरात इथल्या खाणकामगारांनी आपल्या युनियनला मालकांनी मान्यता द्यावी म्हणून संप केला. तो ऐन थंडीत तीन महिने चालला आणि १९४२ च्या फेब्रुवारीत कामगारांना हार खाऊन मागे घ्यावा लागला. टेड तेव्हा सोळा वर्षांचा होता. या संपाचा आणि टेडच्या पुढच्या वागण्याचा संबंध जोडण्याचा मोह कुणालाही होईल. पण मी इतिहासाचा मास्तर आहे आणि पुराव्यावाचून असा संबंध जोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापीत आलो आहे. तेव्हा मी तो जोडीत नाही. गाव आणि साल मात्र तेच, एवढे सांगून पुढे जातो.

टोराँटोच्या सेंट मायकेल कॉलेजच्या संघातून खेळत असताना डेट्रॉइटवाल्यांनी त्याला हेरले. महायुद्ध चालू होते, बरेच खेळाडू सैन्यात गेले होते, जागा रिकाम्या होत्या. १९४४ साली एकोणिसाव्या वर्षी टेड डेट्रॉइटच्या रेड विंग्ज क्लबात दाखल झाला.

उंची पाच फूट आठ इंच, वजन एकशे साठ पौंडांच्या आसपास. या धिप्पाड लोकांच्या खेळात हा माणूस म्हणजे अगदीच किरकोळ. परंतु अंगात आग अशी की समोर कोण आहे, केवढा आहे, हे पाहण्याची त्याला सवयच नव्हती. काठी, कोपर, खांदा, जे हाताशी येईल ते तो वापरीत असे. चेहऱ्यावर टाके किती पडले याचा हिशेब शेकड्यांनी करावा लागतो. लोकांनी त्याला 'टेरिबल टेड' असे नाव ठेवले. आपण त्याला 'टेड जमदग्नी' म्हणू या! कारकीर्दीच्या अखेरीस त्याच्या नावावर अठराशे आठ मिनिटांची शिक्षा जमा होती. म्हणजे सुमारे तीस तास हा मनुष्य शिक्षेच्या कोठडीत बसून होता. पण नुसता भांडखोर म्हणून त्याची गणना करणे चूक होईल. १०६८ सामन्यांत ३७९ गोल आणि ४७२ गोलांना हातभार, अशी त्याची एकंदर कामगिरी आहे. डाव्या आघाडीवर खेळणाऱ्यांत त्याच्या तोडीचे त्या काळात फार थोडे होते.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. डावीकडे लिंडसे, मध्ये सिड एबल आणि उजवीकडे गॉर्डी हाव या त्रिकुटाला तिथल्या लोकांनी कारखान्यातलाच शब्द लावला, 'प्रॉडक्शन लाइन'. माल पुढे सरकत जातो आणि शेवटी तयार होऊन बाहेर पडतो, तसा यांचा गोल. १९४९-५० च्या मोसमात लीगच्या गुणतक्त्यावर पहिला लिंडसे, दुसरा एबल, तिसरा हाव, अशी ही तिन्ही नावे एकाखाली एक होती. १९४८-४९ पासून ओळीने सात मोसम डेट्रॉइटचा क्लब लीगमध्ये अव्वल राहिला, आणि १९५०, १९५२, १९५४ व १९५५ असा चार वेळा त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. १९५० साली चषक मिळाल्यावर लिंडसेने तो उचलला आणि डोक्यावर धरून कडेच्या प्रेक्षकांना दाखवीत बर्फावर फेरी मारली. ज्यांनी तिकिटे काढली त्यांना तो जवळून बघायला मिळावा, एवढाच त्यात हेतू. आज प्रत्येक विजेता कर्णधार अशी फेरी मारतो, आणि ती प्रथा लिंडसेपासून पडली असे मानतात.

त्याच्या स्वभावाचा आणखी एक नमुना सांगतो. १९५६ च्या मार्चमध्ये टोराँटोशी बाद फेरीचे सामने चालू असताना एका निनावी इसमाने फोन करून धमकी दिली की, हाव आणि लिंडसे बर्फावर उतरले तर दोघांना गोळी घालीन. दोघेही उतरले. लिंडसेने त्या सामन्यात बरोबरी साधून दिली, आणि जादा वेळेत विजयाचा गोलही त्यानेच केला. सामना संपल्यावर त्याने आपली काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि टोराँटोच्या प्रेक्षकांवर रोखून गोल फिरवली.

इथवरची हकीकत कोणत्याही मोठ्या खेळाडूची असते तशी आहे. मला सांगायचे आहे ते यापुढचे.

लीगमधल्या खेळाडूची कायद्याच्या दृष्टीने स्थिती काय होती? पोर सोळा-सतरा वर्षांचे झाले की क्लबाचा माणूस एक छापील कागद घेऊन घरी येई. त्यावर सही केली की त्या मुलाच्या खेळावर त्या क्लबाचा हक्क. पुढे तो मोठा झाला, नावारूपाला आला, तरी क्लबाने विकल्याशिवाय किंवा सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. उलट क्लबाला वाटेल तेव्हा त्याला दुसऱ्या शहरी धाडता येई, किंवा खालच्या दर्जाच्या संघात टाकता येई. पगाराची बोलणी एकट्याने करायची. शेजारच्या गड्याला काय मिळते हे ठाऊक नाही, आणि नाही म्हणावे तर शंभर-सव्वाशे जागांसाठी हजारो पोरे बाहेर ताटकळत उभी. विरोधी संघातल्या खेळाडूशी सलगी करणे तर गुन्ह्यासारखेच होते. शनिवारी एका शहरी आणि रविवारी दुसऱ्या शहरी त्याच दोन संघांची गाठ असली की दोन्ही संघ पुष्कळदा एकाच आगगाडीने जात. पण वेगवेगळ्या डब्यांत, एकमेकांशी न बोलता. मालकांना हे वैर सोयीचेच होते. खेळात चुरस राहते, हे तर खरेच. शिवाय पगाराची गोष्ट निघत नाही, हेही खरे.

आता मालकांची बाजू पाहा. डेट्रॉइटचा क्लब नॉरिस घराण्याचा. थोरला जेम्स नॉरिस हा धान्याचा मोठा व्यापारी. तो १९५२ च्या डिसेंबरात वारला. त्याच्या पश्चात आधी मुलगी मार्गरिट आणि १९५५ पासून धाकटा मुलगा ब्रूस कारभार पाहू लागला. थोरला मुलगा, त्याचेही नाव जेम्सच, हा शिकागोच्या क्लबाचा भागीदार-मालक, आणि न्यूयॉर्कच्या ज्या प्रेक्षागृहात तिथला क्लब खेळे त्या कंपनीतही त्याचे वजन होते. म्हणजे सहा क्लबांपैकी दोन सरळ एका घरात, आणि तिसऱ्यात हात! याच जेम्स नॉरिसच्या मुष्टियुद्धाच्या धंद्यातल्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला. हॉकीवर मात्र तशी पाळी आली नाही.

१९४७ साली लीगने खेळाडूंसाठी पेन्शनचा फंड उघडला. प्रत्येक खेळाडूच्या पगारातून वर्षाला नऊशे डॉलर कापून घेत. त्या काळच्या पगाराच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. लीगचा वाटा यायचा तो वर्षातून एकदा होणाऱ्या प्रदर्शनी सामन्याच्या उत्पन्नातून आणि बाद फेरीच्या तिकिटांवर बसवलेल्या थोड्या सेंटांच्या वाढीतून. म्हणजे प्रदर्शनी सामन्यात खेळणारे खेळाडू आणि जादा सेंट देणारे प्रेक्षक; मालकांच्या पदराला फारशी झळ नाही. फंडाच्या मंडळावर खेळाडूंचे म्हणून दोन प्रतिनिधी होते. एक लिंडसे, दुसरा माँट्रिअलचा डग हार्वी. हार्वी हा बचावफळीतला त्या काळचा श्रेष्ठ खेळाडू. बर्फावर या दोघांचे हाडवैर. पण मंडळाच्या बैठकीत दोघांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला: फंडात किती पैसे आहेत, ते कुठे गुंतवले आहेत, आम्हाला वह्या दाखवाल काय?

वह्या दाखवल्या नाहीत.

बस्स. इथून पुढचे सारे या एका नकारातून निघाले आहे. कुठल्याही सहकारी पतपेढीचा सभासदसुद्धा वार्षिक सभेत उठून हिशेब मागतो आणि सेक्रेटरीला तो द्यावा लागतो. मुंबईच्या गिरणगावातल्या श्रोत्यांना तर हे समजावून सांगायला नको. पण चेहऱ्यावर टाके पडेपर्यंत खेळणाऱ्या, देशभर नाव असलेल्या माणसाला स्वतःच्याच पेन्शनीचा हिशेब मिळत नव्हता.

लिंडसेने न्यूयॉर्कचे वकील गाठले. बेसबॉलच्या खेळाडूंचे काम पाहिलेले हे लोक होते. मग १९५६-५७ च्या मोसमात त्याने गुपचूप काम सुरू केले. ज्या गड्यांना तो बर्फावर कोपराने ढोसीत असे त्यांनाच बाहेर गाठून, हलक्या आवाजात बोलून, प्रत्येकी शंभर डॉलर वर्गणी घेऊन सह्या गोळा केल्या. गंमत अशी की या माणसाचा कुणाला लळा होता असे नाही. पण त्याच्या शब्दावर सर्वांचा विश्वास होता. सहाही क्लबांतल्या, बहुधा एक सोडून बाकी साऱ्या खेळाडूंनी सह्या केल्या, आणि बातमी फुटली नाही! ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कला वृत्तपत्रांना बोलावून खेळाडूंच्या संघटनेची घोषणा झाली. अध्यक्ष टेड लिंडसे, उपाध्यक्ष डग हार्वी. मागण्या काही जगावेगळ्या नव्हत्या. किमान वेतन असावे, पेन्शनीची नीट तरतूद व्हावी, बदली झाल्यास बिऱ्हाड हलवण्याचा खर्च मिळावा, प्रदर्शनी सामन्यांना मर्यादा असावी. त्याच मोसमात अमेरिकेत लीगचे सामने टेलिव्हिजनवर दिसू लागले होते. त्या पैशाचाही प्रश्न होताच.

मालक खवळले. टोराँटोचा मालक कॉन स्माइथ हा दोन्ही महायुद्धांत लढलेला करारी माणूस. त्याला यात थेट कम्युनिझमच दिसू लागला. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांत असलेल्या जिमी थॉमसन या आपल्याच जुन्या कप्तानाला त्याने शिकागोला विकून टाकले. डेट्रॉइटचा कारभारी जॅक ॲडम्स १९२७ पासून तिथे ठाण मांडून होता. लिंडसेचे कप्तानपद त्याने १९५६ सालीच काढून घेतले होते.

आणि याच मोसमात लिंडसे काय करीत होता? ३० गोल आणि ५५ गोलांना हातभार, असे एकूण ८५ गुण. साऱ्या आयुष्यातली त्याची ही सर्वांत मोठी संख्या, आणि लीगमध्ये त्याच्या पुढे फक्त एकटा हाव. मोसम संपल्यावर जुलैत ॲडम्सने त्याला शिकागोला देऊन टाकले. बरोबर ग्लेन हॉल नावाचा तरुण, अव्वल दर्जाचा गोलरक्षकही दिला, आणि मोबदल्यात चार खेळाडू घेतले. त्यांतल्या एकाचेही नाव या दोघांशेजारी घेण्याजोगे नव्हते. शिकागोचा क्लब त्या वेळी ओळीने चार मोसम लीगच्या तळाशी पडलेला होता. खेळाडूंच्या जगात तिथली रवानगी म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. नॉरिसांच्या दृष्टीने पाहिले तर हा माल एका भावाच्या दुकानातून दुसऱ्या भावाच्या दुकानात गेला इतकेच. पण बाकीच्या शंभर जणांना जे समजायचे ते समजले. लिंडसेसारख्याची ही गत, तर आपली काय?

तरीही १९५७ च्या शरद ऋतूत संघटनेने न्यूयॉर्कच्या न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तीस लाख डॉलरचा दावा लावला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धंदेवाईक फुटबॉलला हा कायदा लागू होतो असा निर्णय दिला होता, त्यामुळे वकिलांना हुरूप आला होता. पण नोव्हेंबरात घाव बसला तो घरातूनच. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी आपली बैठक घेऊन संघटनेतून अंग काढून घेतले. त्यात हाव होता. जवळजवळ एक तप लिंडसेच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला, त्याचा जिवलग मित्र. पाठोपाठ माँट्रिअलचे खेळाडूही बाहेर पडले.

या ठिकाणी हावला दूषण देणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते दिलेही. मला ते तितकेसे रास्त वाटत नाही. हाव हा सस्कॅचेवानच्या गरिबीतून आलेला, भिडस्त स्वभावाचा माणूस. पंचविशीच्या आत-बाहेरची ही सारी पोरे. शाळा अर्धवट सोडलेली, हॉकीवाचून दुसरी विद्या नाही, दारात बायको-पोरे, आणि समोर बापाच्या वयाचा ॲडम्स. लिंडसेने ज्या शिक्षेची पर्वा केली नाही ती त्यांनी करावी यात नवल नाही. नवल वाटायचेच तर आधी साऱ्यांनी सह्या केल्या याचे वाटावे.

संघटना मोडली. पण मालकांनाही कोर्टाची धास्ती होतीच. १९५८ च्या फेब्रुवारीत कोर्टाबाहेर तडजोड झाली. किमान वेतन वर्षाला सात हजार डॉलर, पेन्शनीत वाढ, इस्पितळाच्या खर्चाची अधिक तरतूद, प्रदर्शनी सामन्यांना मर्यादा, आणि दुखापतीनंतर आपण खेळण्याजोगे झालो की नाही हे ठरवण्याचा हक्क खेळाडूचा. या शेवटच्या कलमाकडे जरूर लक्ष द्यावे. म्हणजे तोवर माणसाच्या मोडलेल्या हाडाविषयी शेवटचा शब्द त्या माणसाचा नव्हता! दावा मागे घेण्यात आला, आणि फंडाच्या वह्या मिटलेल्याच राहिल्या.

शिकागोत लिंडसेचा जीव रमला नाही. पहिल्या वर्षी ८५ गुणांचे ३९ झाले. तीन मोसम खेळून १९६० साली पस्तिशीच्या उंबरठ्यावर तो निवृत्त झाला. इकडे लिंडसे आणि हॉल यांना घालवलेला डेट्रॉइटचा क्लब १९५८-५९ च्या मोसमात अगदी शेवटच्या क्रमांकावर गेला, आणि तिकडे हॉलच्या जोरावर शिकागोने १९६१ चा चषक जिंकला. लिंडसे तेव्हा त्या संघात नव्हता. दैवाचे फासे असे पडतात खरे.

पुढे चार वर्षांनी एक चमत्कार झाला. डेट्रॉइटचा कारभार आता जुना साथी सिड एबल पाहत होता. त्याने १९६४ च्या हिवाळ्याआधी लिंडसेला परत बोलावले. वय एकोणचाळीस, चार वर्षांची विश्रांती, धंद्यात बसलेला गृहस्थ! लोक हसले. त्याने त्या मोसमात १४ गोल केले, १७३ मिनिटे शिक्षाही भोगली, म्हणजे स्वभाव काही बदललेला नव्हता. आणि डेट्रॉइट १९५७ नंतर प्रथमच लीगमध्ये अव्वल आले. मग मात्र त्याने बूट कायमचे उतरवले.

१९६६ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. सत्काराच्या मेजवानीला फक्त पुरुषांनी यायचे, असा तिथला रिवाज होता. माझी बायको-पोरे येणार नसतील तर मीही येणार नाही, असे लिंडसेने कळवले आणि तो गेला नाही. पुढच्या वर्षी तो रिवाज बदलला.

खेळाडूंची टिकाऊ संघटना अखेर १९६७ साली झाली. तिचा सूत्रधार ॲलन ईगलसन हा टोराँटोचा वकील. त्याने चोवीस-पंचवीस वर्षे कारभार हाकला, आणि १९९८ साली खेळाडूंच्याच पैशाच्या अफरातफरीबद्दल गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. लिंडसेने या गृहस्थाबद्दल नाराजी उघड बोलून दाखवली होती. हिशेब मागणारे लोक दोन्ही बाजूंना नकोसे होतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि ते पेन्शनीचे काय झाले? १९९१ साली सात निवृत्त खेळाडूंनी ऑंटारिओच्या न्यायालयात दावा लावला की, फंडात जी शिल्लक वाढली आहे ती आमची आहे, क्लबांची नाही. १९९२ साली निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टातही तो टिकला, आणि १९९४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबांचे अपील ऐकून घेण्याचेही नाकारले. कोट्यवधी डॉलर म्हाताऱ्या खेळाडूंकडे आणि त्यांच्या विधवांकडे गेले. लिंडसे आणि हार्वी यांनी वह्या मागितल्याला तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे होत आली होती. दावा लावणाऱ्या त्या सात जणांच्या यादीत एक नाव गॉर्डी हावचे होते.

२०१० साली खेळाडूंच्या संघटनेने आपल्या एका वार्षिक बक्षिसाला टेड लिंडसेचे नाव दिले. मोसमातला श्रेष्ठ खेळाडू कोण हे त्यात खुद्द खेळाडूच मते देऊन ठरवतात. ४ मार्च २०१९ रोजी मिशिगन राज्यात, त्र्याण्णवाव्या वर्षी तो वारला. डेट्रॉइटच्या प्रेक्षागृहात त्याचे अंत्यदर्शन घ्यायला गाव लोटला होता.

एक सांगायचे राहिले, ते डग हार्वीचे. त्यालाही १९६१ साली माँट्रिअलवाल्यांनी न्यूयॉर्कला धाडले. उतारवयात दारूने आणि हलाखीने त्याला गाठले. काही काळ ओटावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानालगत, आगगाडीच्या एका जुन्या डब्यात त्याचे बिऱ्हाड होते. १९८९ च्या डिसेंबरात तो गेला. पेन्शनीचा निकाल लागायला अजून तीन वर्षे होती.